पापनिवेदनाच्या आधी, घरी

आईबाबांनो,

राखेचा बुधवार जवळ आला की धर्मशिक्षण वर्गाच्या दारात तुमची गर्दी वाढते. पहिल्या कम्युनियनची मुलं असतील तर जास्तच. पापनिवेदनाची तारीख कोणती, पश्चात्तापाची प्रार्थना कोणत्या पुस्तकातली पाठ करून घ्यायची, ड्रेस कधी शिवायला टाकायचा, फोटोग्राफर आत आला तर फादरांना चालेल का. प्रश्न रास्त आहेत. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात मी हे वर्ग घेते, त्यामुळे उत्तरंही बऱ्याचदा मलाच द्यावी लागतात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि आज मला त्यावरच तुमच्याशी बोलायचं आहे. आपलं मूल चुकलं, तर ती चूक घेऊन ते आपल्याकडे येऊ शकतं का?

जे मूल चूक घेऊन आईकडे येऊ शकत नाही, ते चूक घेऊन देवाकडे जायला शिकणार कुठे?

पापनिवेदनाच्या आधी आम्ही मुलांना शांत बसवतो, डोळे मिटायला सांगतो आणि गेल्या काही दिवसांत काय काय घडलं ते आठवायला लावतो. काही मुलं मात्र घरूनच तयार होऊन येतात. हातात चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर अक्षर आईचं. मी आईचं ऐकलं नाही. मी अभ्यास केला नाही. मी भावाशी भांडलो. मुलं बदलतात, वर्षं बदलतात, चिठ्ठीतली पापं तीच. एकदा एका मुलाने अशी चिठ्ठी चौघडी करून खिशात कोंबली आणि रांगेतून बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "टीचर, हे मम्मीने सांगितलंय. पण दुसरं एक आहे, ते मम्मीला माहीत नाही. ते सांगितलं तर फादर मम्मीला सांगतील?" मी म्हटलं, कधीच नाही. ख्रिस्तसभेचा नियमच आहे की पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने कोणालाही सांगायची नाही. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, मम्मीला तर नाहीच. "मरेपर्यंत?" त्याने विचारलं. मरेपर्यंत. तो परत रांगेत जाऊन उभा राहिला. ते दुसरं काय होतं हे मी विचारलं नाही. तुम्हीही, मूल पापनिवेदन करून बाहेर आलं की "काय सांगितलंस रे फादरांना?" असं गमतीनेसुद्धा विचारू नका. ती जागा त्याची आणि देवाची आहे.

त्या मुलाला देवाची भीती वाटत नव्हती. फादरांचीही नाही. त्याला आईची भीती वाटत होती, आणि त्याची आई काही दुष्ट बाई नाही. तुमच्या-माझ्यासारखीच आहे, मुलावर जीव टाकणारी.

मग हे होतं कसं? मला वाटतं, पाप केवढं मोठं हे मूल आपल्या रागावरून मोजतं. दहा आज्ञा ते पुढे कधीतरी पाठ करतं, त्याआधी त्याच्या हाती आपला आवाज असतो. पाहुण्यांसमोर हातून काचेचा ग्लास पडला, फुटला, सरबत सांडलं. किती ओरडतो आपण! त्याच संध्याकाळी पतपेढीचा माणूस पैसे मागायला येतो आणि आपणच मुलाला पुढे करतो, "सांग, पप्पा घरी नाहीत." मुलाने नीट सांगितलं तर वर शाबासकी. आता त्या मुलाच्या मनातला हिशोब बघा. ग्लास फुटणं हे महापाप, आणि खोटं बोलणं हे घरातलं एक उपयोगी काम. ग्लास फुटणं हे पापच नव्हे, तो अपघात. अंथरूण ओलं होणं पाप नाही. गणितात नापास होणं पाप नाही, आणि मिस्सेच्या वेळी झोप लागणंही नाही. पाप म्हणजे कळत असताना, मनात असताना केलेली वाईट गोष्ट. हे वर्गात आम्ही शिकवतो, मुलं मान डोलावतात आणि घरी गेल्यावर तुमचा आवाज ऐकून पुन्हा आपल्या जुन्या मोजमापाकडे वळतात.

म्हणून यंदाच्या उपवासकाळात निदान एवढं करून पाहा. ग्लास फुटला तर केरसुणी आणा, आणि खोटं पकडलं तर पंखा बंद करून, टीव्ही बंद करून, मुलासमोर खाली बसा. आवाज चढवू नका. आवाज न चढवता आई खाली बसली, की काहीतरी खरोखर गंभीर घडलं आहे हे त्याला बरोबर कळतं.

आणि दुसरी विनंती. 'देवबाप बघतोय हां, शिक्षा करील' हे वाक्य घरातून काढून टाका. जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून, लहान बहिणीला खेळणं देत नाही म्हणून आपण देवाला फौजदार करून उभा करतो. पुढे सातव्या-आठव्या वर्षी त्याच मुलाला सांगतो की देव क्षमाशील आहे, जा, मन मोकळं कर. फौजदारासमोर मन मोकळं करायला कोण जाईल?

सातवं वर्ष म्हटलं, ते उगाच नाही. 1910 साली पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं की मुलाला समज आली, साधारण सात वर्षांच्या आसपास, की त्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद यांच्यापासून दूर ठेवू नये. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागत असे. पोपसाहेबांचा विश्वास होता की एवढंसं मूलसुद्धा प्रेम आणि पश्चात्ताप समजू शकतं. माझाही आहे. मुलांना पश्चात्ताप फार लवकर कळतो. आपण मध्ये येतो म्हणून तो वाकडा होतो.

उपासाच्या बाबतीत ख्रिस्तसभेच्या कायद्यात एक गोष्ट आहे, जी पालकांना कोणी वाचून दाखवत नाही. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो, आणि उपासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. म्हणजे तुमच्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला यातलं काहीच बंधनकारक नाही. पण तोच नियम पुढे म्हणतो की जी मुलं वयामुळे या बंधनात येत नाहीत, त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची जबाबदारी धर्मगुरूंची आणि आईवडिलांची आहे. 1983 च्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. धर्मशिक्षण वर्गाच्या टीचरचं त्यात नावही नाही. आम्ही रविवारी तासभर भेटतो, मूल राहतं तुमच्याकडे.

आता या दिवसांचं थोडं. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. राहिले चाळीस, प्रभू येशू अरण्यात राहिला तेवढे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या परत गोळा होतात, जाळल्या जातात आणि त्यांची राख आपल्या कपाळाला लागते. मुलांना या राखेचं फार कुतूहल असतं. ती मरणाची आठवण आहे, हे खरं. पण आपल्या भागातल्या मुलाला मी आणखी एक सांगते. मार्च-एप्रिलमध्ये आपले शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, काट्याकुट्या पसरून रोपाची जागा जाळून काढतात, तण मरतं, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसात त्याच जागेवर भाताचं बी पडतं. ज्याने आजोबांबरोबर राब भाजलेला पाहिला आहे, त्याला राखेचा बुधवार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आता वाड्या गेल्या, इमारती आल्या, राब पाहिलेली मुलंही कमी होत चालली आहेत. जमलं तर एकदा दाखवून आणा.

याच दिवसांत परीक्षा येतात, हे मला माहीत आहे. दहावीचा पेपर आणि शुक्रवारची क्रुसाची वाट एकाच आठवड्यात. "यंदा राहू दे टीचर, बोर्ड आहे," असं तुम्ही म्हणता तेव्हा मी वाद घालत नाही. पण घरात एक बघा. परीक्षेसाठी सहा महिने आधी वेळापत्रक भिंतीला लागतं, क्लास लागतो, केबल तोडली जाते. पास्काच्या सणासाठी तयारी म्हणजे नवे कपडे आणि मटणाची ऑर्डर. मूल हे बघत असतं, आणि घरात मोठं काय आणि लहान काय हे ते ठरवून टाकतं. अभ्यास कमी करा असं मी म्हणत नाही. झोपण्याआधी पाच मिनिटं सगळे एकत्र बसा, दिवस कसा गेला ते आठवा. आज कोणाशी चांगलं वागलो, कोणाला दुखावलं, उद्या काय करायचं. बोर्डाच्या मुलालाही ती पाच मिनिटं हवीच असतात. ताणही हलका होतो.

पण आठवण करून देताना आरोपपत्र वाचू नका. बायबलमध्ये दावीद राजाची गोष्ट आहे. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, पण त्याने राजाला तोंडावर काही म्हटलं नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, शेजारच्या गरिबाकडे एकच लाडकी कोकरी, ती त्याच्या ताटातलं खायची. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपलं मेंढरू राखलं आणि गरिबाची ती कोकरी कापली. दावीद संतापला, त्या माणसाला शिक्षाच सुनावली. मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीद कोसळला. पापाची जाणीव बाहेरून ओरडून आत घालता येत नाही. मुलाला स्वतः न्याय करू द्या. "तुझ्या जागी सायली असती आणि तुझी रंगपेटी तिने घेतली असती तर?" एवढं विचारा आणि थांबा. उत्तराची घाई करू नका. लगेच "मग बघ, तू काय केलंस!" असं म्हणालात, की नाथान संपला आणि फौजदार परत आला.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, ते सांगते. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री दोन शिष्यांनी येशूला दगा दिला. यहूदाने त्याला तीस रुप्यांना विकलं. पेत्राने कोंबडा आरवण्याआधी तीनदा सांगितलं की मी या माणसाला ओळखतच नाही. आपण यहूदाला खलनायक करून मोकळे होतो, पण मत्तयाचं शुभवर्तमान नीट वाचा. यहूदाला पस्तावा झाला. त्याने पैसे परत केले. निरपराध माणसाचा घात केला, असं तोंडाने कबूल केलं. वर्गात जे जे शिकवतो ते ते त्याने केलं म्हणा ना! पण तो ते घेऊन गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी हात झटकले. त्याचं पाप ऐकून घ्यायला त्या मंदिरात एक माणूस नव्हता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पेत्रही बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण तो परत शिष्यांमध्ये येऊन राहिला. आणि पुनरुत्थानानंतर तलावाच्या काठावर येशूने कोळशाचा विस्तव पेटवून, मासे भाजून त्याला जेवायला बोलावलं. नाकारलं होतं तेव्हाही पेत्र अशाच एका विस्तवापाशी शेकत उभा होता. जेवण झाल्यावर येशूने त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला, माझ्यावर प्रेम आहे का? नकार तीनदा, प्रश्नही तीनदा. "तू असं का केलंस?" हे एकदाही नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर कळपाची जबाबदारी टाकली.

दोघांनाही पस्तावा झाला होता. एकाला परत यायला जागा मिळाली, एकाला मिळाली नाही. आईबाबांनो, आज मोबाइलवर नको ते पाहिलेला, मित्राच्या नादाने पैसे उचललेला, परीक्षेत कॉपी करताना पकडला गेलेला आपला मुलगा रात्री घराच्या दाराशी उभा असतो, तेव्हा आत मुख्य याजक बसले आहेत की विस्तव पेटवून जेवायला बोलावणारा कोणी आहे, यावर सगळं अवलंबून असतं. लोक काय म्हणतील, नाव घालवलंस, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, ही वाक्यं आपल्या ओठांवर तयार असतात. ती गिळा. चुकीची शिक्षा, भरपाई, नियम, ते सगळं उद्या सकाळी. आधी त्याला जेवायला वाढा.

उधळ्या मुलाच्या दाखल्यातही बघा. मुलगा डुकरांमध्ये बसून बापासमोर काय बोलायचं याची तयारी करतो. मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला चाकरांमध्ये ठेवून घ्या. घरी आल्यावर तो बोलायला लागतो, पण ते शेवटचं चाकराचं वाक्य बापासमोर निघतच नाही. त्याआधीच बाप नोकरांना चांगला झगा आणायला सांगतो. लूकचा पंधरावा अध्याय काढून दोन्ही ठिकाणं ताडून बघा, मुलांबरोबर बघितलं तर आणखी चांगलं. मुलांना अशा जागा शोधायला आवडतं. आणि शेतातून आलेल्या थोरल्या भावाला विसरू नका. ज्यांचं मूल शहाणं आहे, पहिलं येतं, वेदीवर सेवा करतं, त्यांच्या घरी बहुधा तो थोरला असतो. त्याने काही चुकीचं केलेलं नाही, फक्त भावाच्या परत येण्याचा त्याला आनंद होत नाही. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला होता.

तुम्ही मुलाची क्षमा कधी मागितली आहे? मागितली असेल तर मुलांना ती वर्षानुवर्षं आठवते. आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, तापट. नातेवाईक जमलेले असताना ते मुलीला मार्कांवरून नको नको ते बोलले. दुसऱ्या रविवारी तेच नातेवाईक पुन्हा जेवायला होते. पानं मांडली गेली, प्रार्थना झाली आणि ते म्हणाले, "जेवायच्या आधी एक मिनिट. गेल्या रविवारी मी हिला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं. सगळ्यांसमोर बोललो म्हणून सगळ्यांसमोर सांगतो." मग मुलीकडे वळून, "बेटा, मला माफ कर." ताटातला भात निवत होता, कोणाला कुठे बघावं कळेना. मुलगी लाजून म्हणाली, "पप्पा, जेवा ना आता." त्यांच्या बायकोने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या घरातल्या मुलीला प्रायश्चित्त संस्कार शिकवायला मला फार वेळ लागला नाही. 'पण' न लावता माफी मागायची, हे तिने पाहिलेलं होतं. "चुकलो, पण तूही तशीच वागतेस" ही माफी नव्हे.

क्षमा मागून भागत नाही, हेही मुलांना कळलं पाहिजे. जक्कय जकातदार उंबराच्या झाडावर चढला, येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि जक्कय उठून उभा राहिला, तो काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत. मुलाने शेजारच्यांच्या पपईवर दगड मारून कोवळी पपई पाडली असेल, तर "सॉरी म्हण" एवढ्यावर सोडू नका. त्याच्याबरोबर जा, पण बोलू द्या त्याला. भरपाई म्हणून त्याने चार दिवस त्यांच्या झाडांना पाणी घालावं. तुम्ही खिशातून पैसे काढून प्रकरण मिटवलंत तर मिटलं ते तुमच्यापुरतं. मग पापनिवेदनात फादर त्याला एखादी प्रार्थना किंवा एखादं चांगलं काम सांगतात, त्याचा अर्थही त्याला तिथेच उमगतो.

उपासाबद्दल थोडक्यात. मुलं चॉकलेट सोडतात, मोबाइलवरचा गेम सोडतात, छान आहे. पण वाचलेले पैसे कुठे जातात? उपवासकाळात मुलांच्या हाती दानपेटी देतात, ती बऱ्याच घरी शेवटच्या शनिवारी बाबांच्या पाकिटातून भरली जाते. रिकामी आली तरी चालेल, पण भरली तर मुलाने भरावी. आणि शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट आणि कोळंबीचा थाट मांडायचा असेल, तर मटणच खाल्लेलं परवडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक गेले आणि आम्ही काय करावं असं विचारू लागले, तेव्हा त्याने मोठं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारा, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. शिपाया, कोणाला लुबाडू नकोस, पगारात भागव. ज्याचा जो धंदा, तिथेच त्याचा पश्चात्ताप. कपाट उघडा आणि मुलीला सांगा, एक फ्रॉक काढ, फाटलेला नाही, तुला होणारा, आवडणारा. ती बराच वेळ घुटमळेल. घुटमळू द्या.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट आणि आत्ताच सांगायला हवी. कोणी मोठ्या माणसाने, मग तो नात्यातला असो, शाळेतला असो की देवळातला, मुलाला नको तिथे हात लावला, दटावलं, गुपित ठेवायला सांगितलं, तर ते पाप मुलाचं नाही. एका क्षणासाठीही नाही. कितीतरी मुलं ते आपलंच पाप समजून आतल्या आत कुढतात, पापनिवेदनातसुद्धा स्वतःचं म्हणून सांगतात. मुलाला पहिल्या पापनिवेदनाला पाठवण्याआधी तुमच्या तोंडून हे त्याने ऐकलेलं असलं पाहिजे, आणि असं काही कळलं तर आधी मुलाच्या बाजूने उभे राहा आणि तक्रार करा, समोर कोणीही असो.

काही मुलं उलट दुसऱ्या टोकाला जातात. त्यांना सगळंच पाप वाटू लागतं. पुन्हापुन्हा विचारतात, देव रागावला असेल का? हात जोडताना बोटं वाकडी होती, ते चालेल का? अशा मुलाला धार्मिक म्हणून मिरवू नका. फादरांशी बोला, गरज पडली तर डॉक्टरांशीही. पश्चात्तापाने मन हलकं व्हायला हवं. ते दिवसेंदिवस जड होत असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

मोठ्या मुलांचे आईवडील मला विचारतात, आता काय? मुलगा चर्चला येत नाही, कन्फेशन तर दूरच. त्यांना मी संत मोनिका आणि तिचा मुलगा ऑगस्टिन आठवायला सांगते. सोळाव्या वर्षी ऑगस्टिनने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळं चांगलीही नव्हती, बरीचशी डुकरांपुढे टाकली. पुढे मोठा बिशप झाल्यावर आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये त्याने या साध्या चोरीवर पानंच्या पानं लिहिली. त्याचा निष्कर्ष असा की एकटा असतो तर केलं नसतं. मित्रांच्या संगतीत लाज न वाटण्याचीच चढाओढ लागते. कॉलेजातल्या मुलाला हे वाचायला द्या, उपदेशापेक्षा ते त्याला लवकर लागेल. मोनिका त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडली, प्रार्थना करत राहिली, समुद्र ओलांडून त्याच्या मागे मिलानला गेली. 387 साली तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली. तिने त्याला फरपटत नेलं नाही, पण त्याची पाठही सोडली नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही असंच. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र नंतर काही वर्षांनी सापडला. 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात मुलींमध्ये पश्चात्तापाची लाट आली, मुली रडून आपली पापं कबूल करू लागल्या, प्रार्थनेला बसू लागल्या. ते पुष्कळांना माहीत आहे. पण त्यामागे बाईंची वर्षानुवर्षांची प्रार्थना होती, दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या मुलींना घातलेलं जेवण होतं, शिक्षण होतं. रमाबाईंच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आपल्यासारखं धर्मगुरूच्या कानात पापनिवेदन नसतं, पण प्रभुभोजनाआधी स्वतःला तपासायची शिस्त त्यांच्याकडे फार जुनी आहे. तुमचे शेजारी त्या मंडळीतले असतील तर मुलांना त्यांच्याकडूनही शिकू द्या.

शेवटी पुनरुत्थानाच्या जागरणाकडे येते, कारण ही सगळी तयारी तिथे पोचण्यासाठी आहे. त्या रात्री पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात आणि आपण बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा देतो. सैतानाला नाकारतोस का? देवावर विश्वास ठेवतोस का? तुमच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात या प्रश्नांना तुम्ही आणि धर्मपिता-धर्ममातेने उत्तरं दिली होती. आता ते स्वतः देणार आहे. ते प्रश्न आदल्या आठवड्यात घरी वाचा, उत्तर पाठ करून घेऊ नका, फक्त बोला. मूल विचारील, "मी बाळ होतो तेव्हा तुम्ही माझ्या वतीने हो म्हणालात, मला विचारलं होतं का?" सांगा त्याला, नव्हतं विचारलं, म्हणून आता विचारतो आहोत. आणि मोठा मुलगा "मला अजून कळलं नाही, मी नाही म्हणणार" असं म्हणाला, तर त्याला चारचौघांत ओठ हलवायला लावू नका. त्याची मेणबत्ती तुमच्या मेणबत्तीवरून पेटवून द्या आणि तुमचं उत्तर तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्या.